माजी विहिणीबरोबर चुनखडीच्या घळीत

माझ्या मुलीच्या घटस्फोटानंतर महिन्याभराने तिची सासू आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगखाली सायकलवरून उतरली. सायकल माझ्या मुलीचीच होती. सासरी राहिलेली भांडी, साड्या, मिक्सर वगैरे टेम्पोतून आधीच परत आलं होतं. सायकल तेवढी राहिली होती. ती पोचवायला या बाई आंबिवलीजवळच्या मोहन्याहून ठाण्यापर्यंत ती चालवत आल्या होत्या. वय साठीच्या पुढे, ओढणी कमरेला आवळून बांधलेली, तोंड लालबुंद.

"टेम्पोत घातली असती तर गिअर वाकले असते," त्या म्हणाल्या. "जरा पाणी मिळेल का?"

मी पाणी दिलं. दिलं म्हणजे पेला समोर आदळला. या बाईंवर माझा राग होता आणि तो घटस्फोटामुळे नव्हता. मुलं दोघंही चांगली होती, एकमेकांना चांगली नव्हती, एवढंच. माझा राग लग्नातला होता.

डोंबिवलीच्या हॉलमध्ये लग्न झालं तेव्हा त्यांच्याकडच्या कुणा चुलत सासूबाईंनी फर्मान काढलं की विहिणीचे पाय धुतलेच पाहिजेत, आमच्याकडे पद्धत आहे. विहीणबाई खुर्चीवर बसल्या, पाय ताम्हनात. मी, मुलीची आई, नऊवारी सावरत, दुखरे गुडघे मोडून खाली. पोळी-भाजी केंद्रात रोज पन्नास डबे भरणारी बाई मी, कुणापुढे वाकायची सवय नाही. कसेबसे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं आणि उठणार तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "काकू, फोटो हलला. परत एकदा धुवा."

मी परत एकदा धुतले. विहीणबाई तेव्हा वर पंख्याकडे बघत बसल्या होत्या. काय तो तोरा, मला वाटलं. अल्बममध्ये आजही तो फोटो आहे. त्यात माझी पाठ आहे आणि त्यांचे पाय आहेत, दोन्ही अगदी स्वच्छ आलेत.

तर त्या पाणी प्यायल्या आणि मी म्हटलं, "सायकल घेऊन जा. लेक संध्याकाळी ऑफिसातून येईल, तिला ती दारात दिसायला नको."

"मी कुठे ठेवू? माझ्या घरी मुलगा आहे. त्यालाही दिसायला नको."

"मग चालवा तुम्ही."

"माझी आहे की एक. ही तुम्ही चालवा."

हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की मला येतच नसणार. आता मी वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलेली. भावाच्या मोठ्या सायकलवर कैची मारत मी सगळ्या चाळींना फेऱ्या घातल्यात, फ्रॉक चेनमध्ये अडकवून घेतलेत. पदर खोचला आणि बसले. पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत मी एक हात सोडून दाखवला. तिसऱ्या फेरीत सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्कूटरला जाऊन धडकले. स्कूटर आडवी, मी आडवी, आणि विहीणबाई जिन्याचा कठडा धरून हसतायत. त्या सेक्रेटरींचं बिल्डिंगमध्ये कुणाशीच पटत नाही, त्यामुळे मलाही हसू आलं. त्या हसण्यात आमचं जमलं. सायकल मात्र आली तशी परत गेली. आंबिवली स्टेशनजवळ विहीणबाईंचा एक जुना विद्यार्थी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याच्याकडे ती राहायला लागली. मग दर रविवारी मी आंबिवलीला उतरायचे आणि सायकलवर बसायचे.

आता अडचण अशी की आमच्यात सोडचिठ्ठी झाली की दोन्ही घरं एकमेकांना सुटतात. रस्त्यात दिसलं तर फुटपाथ बदलायचा, अशी रीत. नगरसेवक माजी होतो, आमदार माजी होतो, पण विहीण माजी झाली की तिचं काय करायचं हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. लेकीला कळलं असतं तर तिला वाटलं असतं, आई फितूर झाली. त्यांच्या मुलालाही तसंच वाटलं असतं. दोघांपैकी एकाला जरी कळलं असतं तरी रविवार बंद. आणि मला तो बंद व्हायला नको होता. साठीनंतर नव्या मैत्रिणी मिळत नाहीत, कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. मला अवचित एक मैत्रीण मिळाली होती आणि तिच्यावर माझा कसलाही हक्क नव्हता.

म्हणून मी घरी सांगायला लागले की टिटवाळ्याला गणपतीला जाते. आंबिवलीच्या पुढेच टिटवाळा, त्यामुळे निम्मं खरं होतं. देवळाच्या रस्त्यावरून जाताना आम्ही सायकलवरूनच हात जोडायचो, म्हणजे एक हात, दुसरा ब्रेकवर. नवरा भारावून गेला. जन्मभर देवघरात फक्त झाडू मारायला जाणारी बायको दर रविवारी दर्शनाला निघाली म्हणजे काय! येताना प्रसादाचे पेढे न्यावे लागायचे, ते दुकानातून घ्यायचे. इथवर ठीक होतं. मग शेजारच्या वहिनी आल्या.

"अगं, जातेसच तर माझ्याकडून दोन नारळ वाढव ना बाप्पाला. सुनेला आठवा लागलाय. सगळं नीट होऊ दे म्हणावं."

नाही कसं म्हणणार? मी दोन नारळ कॅरिअरला बांधले आणि विहीणबाईंबरोबर नदीकडे निघाले.

ती नदी, आणि त्या नदीतली घळ, हा सगळा विहीणबाईंचा नाद. टिटवाळा मागे पडला की गावं विरळ होतात, डांबर संपतं, लाल मातीत सायकल हाडं खिळखिळी करते. एका करंजाच्या झाडाला सायकली साखळीने बांधायच्या आणि तिथून पायी नदीच्या पात्रात उतरायचं. दिवाळीनंतर पाणी ओसरतं तेव्हा पात्रातूनच चालता येतं. थोडं वर गेलं की दोन्ही काठ उंच होत जातात, आणि एकदम लक्षात येतं की आपण दोन काळ्या भिंतींच्या मधे आहोत, वर आभाळाची एक पट्टी उरली आहे. खाली दगडात पाण्याने कोरलेले रांजणखळगे. त्यातल्या एकात मी पहिल्याच दिवशी कमरेपर्यंत गेले. विहीणबाई काठावरून म्हणाल्या, "खोली किती आहे हो?" जणू मी मोजायलाच उतरले होते.

त्या जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत होत्या. सह्याद्री म्हणजे काळा पाषाण, लाव्हा थंड होऊन झालेला, आपल्याकडे चुनखडीचे डोंगर नाहीत, हे त्यांनी पोरांच्या किती तुकड्यांकडून घोकून घेतलं असेल देव जाणे. आणि इथे या घळीत काळ्या भिंतीवरून पांढरे ओघळ आलेले. एखाद्या हुशार मुलाने पेपरात चुकीचं उत्तर लिहिलेलं दिसावं तसं त्यांचं तोंड झालं. त्यांनी पिशवीतून लिंबू काढलं, जे त्यांनी सरबतासाठी आणलंय असं मी समजत होते, आणि दगडावर पिळलं.

"फसफसतंय! बघा, फसफसतंय!"

मला तर ओला दगड दिसत होता. पण त्या गुडघ्यांवर बसून नाक दगडाला लावून बघत होत्या, म्हणून मीही बसले. खरंच बारीक बुडबुडे येत होते, सोडा घातलेल्या भज्यांच्या पिठासारखे. चुनखडी असेल तर लिंबाने फसफसते, असं त्यांनी सांगितलं. डोंगरातल्या भेगांमधून पाणी झिरपत येतं, येताना दगडातला चुना विरघळवून आणतं आणि बाहेर पडल्यावर थरावर थर टाकत जातं.

"म्हणजे वर कुठेतरी झरा आहे," त्या म्हणाल्या. "तो शोधायचा."

"शोधून काय करायचं?"

"काही नाही. शोधायचा."

माझ्या आयुष्यात काही करायचं नाही म्हणून केलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच हो म्हटलं.

वहिनींच्या नारळांचं काय झालं हे सांगायला हवं. घळीत दुपारी भूक लागली, डबे संपले होते. विहीणबाई नारळांकडे बघत होत्या. मी म्हटलं, एक फोडू, एक देवळात देऊ. एक फोडला, गोड निघाला. मग दुसराही फोडला. गणपती म्हणे सर्वत्र असतो, मग घळीतही असणार, असं मी मनाला समजावलं. वहिनींच्या सुनेला जुळं झालं. दोन्ही बाळं गुटगुटीत. पेढे वाटताना वहिनी सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटल्या, हिने नारळ वाढवले म्हणून हे झालं.

तेव्हापासून माझ्या कॅरिअरवर नारळच नारळ. कुणाचा व्हिसा, कुणाची म्हाडाची लॉटरी, कुणाच्या मुलाची बारावी. खुद्द सेक्रेटरींनीही एक नारळ आणून दिला, स्कूटरचं मनात न ठेवता. त्यांना मूळव्याध होती. आंबिवलीचा तो सायकलवाला मला नारळ बांधताना बघून म्हणायचा, "काय मावशी, आज पण पाच? बाप्पाला खोकला होईल ना रे देवा!" बाप्पाला झाला नाही. आम्हा दोघींना मात्र खोबरं खाऊन खाऊन उरलेला हिवाळाभर खोकला होता. आणि लोकांची कामं होत होती, हे मी काय सांगू!

दर रविवारी आम्ही घळीत थोडं पुढे जायचो. कधी दगडांचा ढिगारा आडवा यायचा, कधी डोह. डोहाच्या कडेने भिंतीला पोट घासत जायचं, पुढे विहीणबाई, मागे मी. गप्पा भरपूर व्हायच्या. त्यांचे यजमान गेल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर घरातला टीव्ही बंद केला, हे मला तिथे कळलं. माझा नवरा झोपेत टीव्हीचा आवाज कमी केला तर जागा होतो, हे त्यांना कळलं. फक्त मुलांचा विषय निघत नसे. तसं कुणी ठरवलं नव्हतं. माझी लेक एव्हाना नोकरीसाठी हैदराबादला गेली होती, बरी होती, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. विचारावं असं त्यांच्या ओठांवर येतंय हे मला कधी कधी दिसायचं.

फाल्गुनात ऊन तापायला लागलं तेव्हा तो झरा सापडला. घळ एका ठिकाणी वळते, वळणाच्या आत भिंतीला मोठी कपार आहे, आणि त्या कपारीत सगळं पांढरं. भिंतीवरून चुनखडीचे पडदे उतरलेले, खाली पायऱ्यापायऱ्यांसारखी उथळ कुंडं, प्रत्येकात टाचभर पाणी. वरून झाडांची पानं गळून त्या पाण्यात पडलेली आणि चुन्याचा थर बसून दगड झालेली. विहीणबाईंनी एक पान अलगद उचललं. शिरान् शिर दिसत होती. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि काही शिकवलं नाही. मला रडूच आलं, उगाच. इतकी सुंदर जागा आणि आम्ही दोन खोटारड्या बायका, घामाने चिंब, हातात दुसऱ्यांचे नारळ.

आम्ही बसलो. मी नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा हातात धरून त्या म्हणाल्या, "मुलाचं लग्न ठरलंय. वैशाखात."

मी म्हटलं, "अरे वा."

"मुलगी चांगली आहे. तिची आईही चांगली वाटते. रविवारी त्या लोकांकडे जाणं-येणं होईल आता. खरेदी, याद्या, सगळं."

खरं तर यात रागवण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या मुलाने काय जन्मभर तसंच राहायचं? पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या लेकीची जागा कुणी घेतंय याचंही मला एवढं वाटलं नाही. मला वाटलं ते माझ्या जागेचं. नवी विहीण येणार. हक्काची, पत्रिकेवर नाव असलेली.

"मग तिलाच आणा इथे पुढच्या वेळी," मी म्हटलं. "लिंबू पिळून दाखवा. सायकलही घ्या तिच्यासाठी, ही आहेच, तयार."

"असं काय बोलता?"

"आणि पायही धुवून घ्या तिच्याकडून. पंख्याकडे बघत."

हे बोलायचं नव्हतं. तीन-चार वर्षं पोटात होतं, ते बाहेर पडलं. मी उठले, पिशवी उचलली आणि घळीतून एकटीच परत निघाले. पाठीमागून "अहो, सावकाश!" असं ऐकू आलं, म्हणून मी मुद्दाम भरभर चालले. राग आलेल्या बाईने शेवाळावर भरभर चालू नये हे मला आता कुणी सांगायला नको. पाय सटकला, बुटासकट दोन दगडांच्या मधे गेला, आणि मी बसकण मारली ती तशीच राहिले. बूट ओढून काढला तर तळवा आणि घोटा सोलवटलेला, त्यात चिखल आणि चुन्याचा गाळ भरलेला. आधी मी त्या दगडाला शिव्या घातल्या, मग नदीला, मग माझ्या नवसाळू शेजाऱ्यांना. मग शिव्या संपल्या आणि भीती वाटली. फोनला रेंज नाही. घरच्यांच्या मते मी टिटवाळ्याच्या रांगेत उभी. मला शोधायला कुणी आलंच तर ते देवळात शोधणार.

विहीणबाई आल्या. धावत नाही, एकेक पाऊल तपासून, त्यांच्या पद्धतीने. त्यांनी पाय बघितला, बोटं हलवायला लावली, मोडलं नाहीये म्हणाल्या. मग त्या समोर खाली बसल्या, पाण्यातच, आणि माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला.

"अहो, राहू दे," मी म्हटलं.

"गाळ राहिला तर पिकेल."

ओंजळीने पाणी घालून त्या गाळ काढू लागल्या. झोंबत होतं. मी दात आवळून बसले होते. त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या, फळ्याकडे बघून बोलावं तशा.

"त्या दिवशी मी पंख्याकडे बघत होते, कारण खाली बघितलं असतं तर रडले असते. चुलत सासूबाई मागे उभ्या होत्या. पाय मागे घ्यायचा धीर झाला नाही. दुसऱ्यांदा तो फोटोवाला बोलला तेव्हा तरी घ्यायला हवा होता." मग म्हणाल्या, "या वेळी सांगून टाकलंय. पाय धुणं वगैरे काही नाही. त्यांच्याकडच्यांना वाईट वाटलं जरा. वाटू दे."

मी पाय त्यांच्या मांडीवर तसाच राहू दिला.

"आणि मुलालाही सांगितलं. रविवारी मी कुठे जाते, कुणाबरोबर जाते. परवाच. लग्नाच्या गडबडीत चार रविवार चुकतील, त्याच्या पुढचे चुकणार नाहीत, असं सांगितलं. हेच तुम्हाला सांगत होते वर, तर तुम्ही निघालात."

"मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, त्या सायकलच्या चेनला तेल घालत जा, ती फार कुरकुरते." त्यांनी ओढणीचं टोक भिजवून घोट्यावरचा शेवटचा गाळ पुसला. "तुमची लेक कशी आहे हो?"

इतके महिने त्यांच्या ओठांवर अडकलेला प्रश्न शेवटी बाहेर आला. मी सांगितलं. हैदराबाद, नोकरी, भाड्याचं घर, तिथल्या भाताला चव नाही म्हणते. फोनवर आता हसते. त्या प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या, पाय धरूनच. आज रात्री तिला फोन करून सगळं सांगायचं, नारळांसकट, हे मी तिथेच ठरवलं. फितूर म्हणाली तर म्हणाली. तिच्याशी भांडता येतं मला.

मग मी डोळे पुसले आणि पाय मागे घ्यायला लागले. त्यांनी घोटा घट्ट धरून ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "फोटो हलला. परत एकदा."

मी इतक्या जोरात हसले की वरच्या कपारीतली पारवळं उडाली. त्यांनी खरंच परत एकदा धुतला. मग दुसऱ्या पायाचा बूट सोडायला घेतला. त्या पायाला काहीही झालेलं नव्हतं, साधं खरचटलंही नव्हतं. त्यांनी तोही धुतला.